चारुताईच्या जागी

रेडिओच्या आवाजचाचणीत वैजयंती मयेकर दोनदा नापास झाली. पहिल्या खेपेला 'कळवू' एवढंच सांगून तिची बोळवण झाली. दुसऱ्या खेपेला परीक्षकांपैकी एक वयस्क बाई तिच्या मागोमाग जिन्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "उच्चार स्वच्छ आहेत गं तुझे. पण आवाज जड आहे. तू बातमी सांगत नाहीस, ताकीद देतेस असं वाटतं." दूरदर्शनला तर दोन वाक्यांतच तिला थांबवलं.

तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि साल होतं ब्याऐंशी. वडील दिनानाथ मंत्रालयात कारकून. लालबागची खोली सोडून त्यांनी नुकताच वाशीत फ्लॅट घेतला होता. फ्लॅटला गॅलरी होती, ओटा होता, स्वतंत्र न्हाणीघर होतं. नव्हती ती माणसं. संध्याकाळी इमारतीतल्या निम्म्याच घरांत दिवे लागत. गॅलरीतून रिकामे प्लॉट दिसत, त्यांच्यामधून कुणाचीही वाट न बघता पडलेले डांबरी रस्ते, आणि त्यापलीकडे खाडीची तिवरं. वारा फिरला की रबाळ्याच्या कारखान्यांच्या बाजूने औषधाच्या बाटलीसारखा वास येई. आई म्हणायची, "लालबागला शेजारणीच्या बांगड्यासुद्धा ऐकू यायच्या. इथं आपलाच श्वास ऐकत बसायचं."

त्या वर्षी सोसायटीने पहिल्यांदा गणपती बसवला. माईकवर सूचना द्यायला कोणी पुढे होईना, तेव्हा वैजयंती उभी राहिली. लाऊडस्पीकर भाड्याने आणला होता झहूर नावाच्या तिशीतल्या माणसाने. तो मूळचा उलव्याचा, आता पनवेलला राहणारा. आरतीनंतर वायर गुंडाळताना तो तिच्याकडे आला.

"मॅडम, आवाजाचं काम करता कुठं?"

"कुणी देत नाही."

"मी एका स्टुडिओत रेकॉर्डिंग करतो. इथंच, वाशीत. साहेबांना मुलगी हवी आहे." एवढं बोलून तो घुटमळला. आणखी काहीतरी सांगायचं असावं तसा. मग म्हणाला, "बघा, जमलं तर."

स्टुडिओ म्हणजे एका रो-हाउसच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या होत्या. रांगेतली बाकीची घरं कुलूपबंदच होती. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, मधे काच, काचेपलीकडे झहूरचं स्पूलचं टेपयंत्र. मालक नंदकुमार रेडिओसाठी प्रायोजित कार्यक्रम तयार करत. मुंबई सोडून इतक्या लांब स्टुडिओ का, असं वैजयंतीने विचारलं तेव्हा ते हसले.

"शांतता. मुंबईत एक वाक्य धड बोलायचं तर गाड्या, फेरीवाले, वरच्या मजल्यावरचा मिक्सर. इथं काहीच नाही. माईक उघडा ठेवला तरी टेपवर काही येत नाही."

पन्नाशीचा, नीटनेटका माणूस. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता ओठांकडे बघायची त्यांना सवय होती. एका मसालेवाल्या कंपनीसाठी ते दर गुरुवारी दुपारी पाव तासाचा बायकांचा कार्यक्रम देत: 'चार घटका चारुताईशी'. वैजयंतीच्या आईने तो कधी चुकवला नव्हता. पाककृती, घरगुती औषधं, सासू-सुनेच्या चार गोष्टी, आणि दर वाक्याच्या शेवटी येणारं ते हलकंसं हसू. चारुताई सगळ्यांना आपल्या वाटत.

"चारुताईंची तब्येत बरी नाही," नंदकुमार म्हणाले. "आता येणार नाहीत त्या. ऐकणाऱ्यांना मात्र हे कळता कामा नये."

"म्हणजे मी त्यांचा आवाज काढायचा?"

"काढायचा नाही. यायला पाहिजे. झहूर तुला जुन्या टेपा ऐकवेल."

"आणि नाव?"

"नाव चारुताईचंच."

वैजयंती घरी आली ती गोंधळलेली. पण दोन वर्षं सगळीकडून नकार ऐकल्यावर हातात आलेला माईक सोडवेना. नाव नसलं तर नसलं. आत शिरायला वाट तर मिळतेय. पुढचं पुढे बघू, असं तिने स्वतःला सांगितलं.

रोज दुपारी ती हेडफोन लावून काचेमागे बसू लागली. चारुताई बोलत आणि ती मागोमाग पुटपुटे. पहिले काही दिवस तिचा जड आवाज त्या गोड बोलण्यामागून दगडासारखा गडगडत येई, आणि नंदकुमार मान हलवत. मग एका दुपारी, शिकेकाईबद्दलचा एक साधा परिच्छेद वाचताना, तिच्या घशात काहीतरी सैल झालं. बटण काजातून निसटावं तसं. वाक्याच्या शेवटी हसू आलं. तिने ते आणलं नव्हतं.

काचेपलीकडे नंदकुमार उभे राहिले. "हीच," ते म्हणाले. "हीच चारू."

झहूर यंत्राकडेच बघत राहिला.

तिचा पहिला भाग लागला त्या गुरुवारी दिनानाथांनी तिच्या हट्टाखातर रजा घेतली होती. कारण मात्र तिने घरात अजून सांगितलं नव्हतं. ऐकू द्यावं आणि मग सांगावं, अशी तिची इच्छा. कार्यक्रम संपला. आई पदर सावरत म्हणाली, "किती गोड बोलते हो ही बाई."

दिनानाथ म्हणाले, "वैजू, असं बोलायला शीक. उगाच का यांना घेतात आणि तुला परत पाठवतात?"

"बाबा, ती मीच होते."

दोघांनी आधी चेष्टाच समजली. पटल्यावर वडील हसले, उठून फेऱ्या मारू लागले, कुणाला सांगू नि कुणाला नको असं त्यांना झालं. आई मात्र रेडिओकडे बघत बसली होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मला एकदासुद्धा वाटलं नाही गं, माझी पोर बोलतेय."

काही महिन्यांनी वैजयंती स्टुडिओतून घरी आली आणि बेल बंद होती म्हणून तिने हाक मारली, "आई, दार उघड."

आतून आईचा आवाज आला. "कोण पाहिजे?"

"आई, मी."

"मी कोण? मिस्टर घरी नाहीत. संध्याकाळी या."

तिने पुन्हा हाक मारली, आणि या वेळी तिलाच ते ऐकू आलं. दारावर थापा मारत, घामाघूम होऊन, ती चारुताईच्या आवाजात बोलत होती. शेवटी ते हसूही होतं. आईने साखळी लावूनच दार किलकिलं केलं, आणि समोर मुलगी बघून भिंतीला हात टेकला.

"हे असलं घरात बोलू नकोस," एवढंच ती म्हणाली.

वैजयंतीने पुष्कळ प्रयत्न केला. गॅलरीत उभं राहून मोठमोठ्याने वर्तमानपत्र वाचलं, मिठाच्या गुळण्या केल्या, मुद्दाम खर्जात बोलून बघितलं. जड आवाज कुठेतरी खाली दिसे, विहिरीतल्या बादलीसारखा, पण वर यायचा नाही.

नंदकुमारांना हे सांगितल्यावर ते खूष झाले. "भूमिकेत शिरणं म्हणतात याला."

पण तिला खरी भीती बसली ती टेपमुळे. त्या दिवशी तिला सर्दी होती. मधेच तिला खोकला आला, चांगला दोनदा आला, आणि कागद उलटताना एक अख्खं वाक्य सुटलं. ती थांबेल तोवर पान संपलं होतं.

"सॉरी. परत घेऊ या."

"कशाला?" नंदकुमार म्हणाले. "एका दमात झालंय."

"मी खोकले."

झहूरने टेप मागे घेतली आणि लावली. खोकला नव्हता. सुटलेलं वाक्य होतं. 'मेथीचे दाणे रात्रभर भिजवा बरं का, मैत्रिणींनो,' आणि ते हसू. ते वाक्य उच्चारल्याचं वैजयंतीला आठवत नव्हतं, कारण तिने ते उच्चारलंच नव्हतं. कागदावरचा तो भाग तिने वाचलाच नव्हता.

तिने झहूरकडे बघितलं. "तुम्ही ऐकलात ना माझा खोकला?"

"साहेब, मी जरा बाहेर जाऊन येतो," झहूर म्हणाला, आणि विडी न ओढणारा तो माणूस बराच वेळ रस्त्यावर उन्हात उभा राहिला.

त्यानंतरच्याच आठवड्यात ती बाई आली. नंदकुमार कंपनीत गेले होते, झहूर अजून पोचला नव्हता. वैजयंती एकटीच होती. दारात साठीची एक मुसलमान बाई उभी. डोक्यावरून पदर, हातात सुक्या मासळीची पिशवी, पाय धुळीने माखलेले.

"कोण हवंय आपल्याला?" वैजयंतीने विचारलं.

बाईच्या हातातली पिशवी पडली. "सईदा?" ती म्हणाली आणि थेट आत आली. तिने वैजयंतीचा चेहरा दोन्ही हातांनी धरला, नीट बघितला, मग उजवा हात खाली आणून तिच्या गळ्यावर ठेवला. "बोल. परत बोल, बाय."

"मी सईदा नाही. मी वैजयंती."

गळ्यावरचा हात निघाला नाही. "हाच," बाई म्हणाली. "माज्या पोरीचा आवाज हाय हा. तिच्या पोटातून तुमी कवा काढलात?"

तेवढ्यात झहूर आला. दारातच थबकला आणि खाली मान घालून म्हणाला, "चाची."

तिचं नाव करिमुन्निसा. झहूरच्या चुलत्याची बायको. झहूरने तिला पाणी दिलं, गोणपाटावर बसवलं, आणि मग वैजयंतीकडे न बघता सगळं सांगितलं. सईदा तिची मुलगी. मॅट्रिकला जिल्ह्यात मराठीत अव्वल आलेली. तिला रेडिओत जायचं होतं. झहूरनेच तिला इथे आणलं. नाव बदलावं लागेल म्हटल्यावर तीही आधी हिरमुसली, मग तयार झाली. दीड-दोन वर्षं ती चारुताई होती.

"मग एक दिवस बोलायची थांबली," झहूर म्हणाला. "घरात आधी. स्टुडिओत बोलायची, घरी गेली की तोंडातून शब्द नाही. मग तेही गेलं. डॉक्टर म्हणतात घसा ठणठणीत आहे."

"ती पहिली चारुताई?"

झहूरने कपाटातून एक स्पूल काढलं आणि लावलं. चारुताई आवळ्याच्या मुरांब्याबद्दल बोलत होती. "ही सईदा. आणि ही," त्याने दुसरं लावलं, "ही वैशाली म्हणून होती, सईदाच्या आधी. मग नवऱ्याबरोबर नागपूरला गेली, पुढचं ठाऊक नाही. आणि ही," तिसरं लावत तो म्हणाला, "तुम्ही."

तिन्ही टेपांवर एकच बाई बोलत होती. श्वास घ्यायची जागासुद्धा तीच.

"मग खरी चारुताई कोण?"

"अशी कोणी नव्हतीच. कंपनीला दाखवायला साहेबांनी नाव तयार केलं होतं."

पलीकडे करिमुन्निसा भिंतीच्या गादीला कान लावून बसली होती, जणू मुलगी त्या कापसात कुठेतरी असेल.

वैजयंतीने यंत्र बंद केलं. "झहूरभाई, हे सगळं ठाऊक असून तुम्ही मला आणलंत?"

त्याने या वेळी मान वर केली. "मला वाटलं, दुसरी कोणी मिळाली की तो आवाज सईदाला सोडेल."

ती उठली. चप्पल घालून घरी निघून गेली.

पण दोन दिवसांनी, गुरुवारी, ती स्वतःच पनवेलला गेली आणि झहूरला म्हणाली, "मला तिला बघायचंय." एसटीने आणि मग पायी, मिठागरांच्या बांधावरून, ती दोघं उलव्याला पोचली. भर दुपार. मिठाच्या ढिगांवर ऊन पडून डोळे दिपत होते. गावात कोंबड्यांशिवाय कशाची हालचाल नव्हती.

घराच्या ओटीवर सईदा सुक्या जवळ्यातला कचरा निवडत बसली होती. वैजयंतीपेक्षा थोडी मोठी, सावळी, हाताने चपळ. तिने पाहुणीकडे बघून मान हलवली, पाट सरकवला. मनाने ती पूर्ण जागेवर होती हे उघड दिसत होतं. फक्त बोलत नव्हती.

करिमुन्निसाने फळीवरचा ट्रान्झिस्टर सुरू केला. "दर गुरवारी लावते," ती वैजयंतीला म्हणाली. "तिचा आवाज ऐकायला एवढंच रायलंय मला. आज बघ तू."

कार्यक्रमाची धून वाजली. तो मेथीचा भाग होता, खोकल्याचा.

सईदाचे हात थांबले. तिचे ओठ हलू लागले. आधी वैजयंतीला वाटलं, सवयीने म्हणत असेल. मग तिच्या लक्षात आलं की ओठ आवाजाच्या पुढे चाललेत. 'नमस्कार' रेडिओतून यायच्या आत सईदाच्या तोंडाने ते पुरं केलं होतं. आवाज तिच्यामागून येत होता, ती सांगेल तसा. हा भाग याआधी कुठेही लागला नव्हता. सईदाने तो कागद कधी बघितला नव्हता.

पान उलटलं त्या जागी, जिथे वैजयंती गप्प होती, तिथे सईदाच्या ओठांनी सावकाश म्हटलं, मेथीचे दाणे रात्रभर भिजवा बरं का, मैत्रिणींनो. मग तिचा चेहरा हसला. डोळे हसत नव्हते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती वैजयंतीकडे बघत होती, खोल पाण्यातून काठावरच्या माणसाकडे बघावं तशी.

वैजयंतीने उठून ट्रान्झिस्टर बंद केला. ओठ आणखी थोडा वेळ हलत राहिले.

परतीच्या वाटेवर ती झहूरला म्हणाली, "मी सोडते हे." आपल्याला हे शब्द उच्चारताना किती जड जातंय, हे तिला जाणवलं. एकेक शब्द चिखलातून पाय उपसावा तसा.

"तुम्ही सोडलंत की साहेब चौथी आणतील," झहूर म्हणाला. "आणि तुम्ही..." पुढचं त्याने उच्चारलं नाही.

ते त्याला उच्चारावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने चहा हवा का विचारलं आणि वैजयंतीच्या तोंडून काहीच आलं नाही. जीभ हलली, ओठ हलले, हवाही आली. आईने आधी रागावून, मग घाबरून, मग तिला पोटाशी धरून तेच तेच विचारलं. दिनानाथ तिला वाशीतल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी बॅटरी लावून घसा बघितला आणि म्हणाले, "काही नाही. टेन्शन घेतलंय पोरीने. विश्रांती द्या."

मंगळवारी रेकॉर्डिंग होतं. आईने दार अडवलं, "नाही जायचं तू." वैजयंतीने आईचे हात हळूच बाजूला केले. आईला सांगता येत नव्हतं, पण तिचं ठरलं होतं. गळ्यात बसलेल्या त्या बाईला ती एक शब्दही देणार नव्हती. मग काय होतं ते नंदकुमारांनी डोळ्यांनी बघावं, एवढंच तिला हवं होतं.

ती माईकसमोर बसली. कागद तिने पालथा ठेवला आणि दोन्ही ओठ दातांखाली घट्ट दाबले. लाल दिवा लागला.

काचेपलीकडून नंदकुमारांनी खूण केली. सुरू कर. ती हलली नाही. त्यांनी परत खूण केली, मग चिडून हातवारे केले. आणि मग झहूरने त्यांच्या दंडाला हात लावून यंत्राकडे बोट दाखवलं.

आवाजाचा काटा हलत होता. माणूस बोलतो तेव्हा हलतो तसा, उंच जात, खाली येत, श्वासाला थांबत. खोलीत चिडीचूप शांतता होती. वैजयंतीला स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू येत होतं, आणि समोर तो काटा बोलत होता.

नंदकुमार तिच्या ओठांकडे बघत राहिले. आयुष्यभर ते माणसांच्या ओठांकडे बघत आले होते. असे मिटलेले ओठ त्यांनी बघितले नसतील.

पाव तासाने काटा पडला. झहूरने टेप मागे घेतली आणि मोठ्या स्पीकरवर लावली. सगळा भाग होता. नमस्कार होता, उन्हाळी सरबतं होती, ऐकणाऱ्या एका बाईला दिलेला सल्ला होता. निरोपाचं वाक्यही झालं. झहूर बटणाकडे हात नेणार, तोच तो गोड आवाज पुढे बोलला. कागदावर नसलेलं.

"आणि नवी मुलगी कधी यायची हो? ही आता पुरी होत आली."

शेवटी ते हसू.

नंदकुमार खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. वैजयंती काचेच्या अलीकडे उभी राहून बघत होती. आता हा माणूस घाबरेल, माफी मागेल, असं तिला वाटत होतं. त्यांनी पुढे वाकून स्पूल हाताने फिरवून बघितलं. मग ओठांवरून जीभ फिरवून, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "म्हणजे कुणाला बसवायचीसुद्धा गरज नाही. नुसती टेप चालवली तरी..."

झहूरने त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी वाक्य गिळलं.

कोपऱ्यात टेपा पुसायचं चुंबकाचं यंत्र होतं. झहूरने ते टेबलावर आणलं, कपाट उघडलं आणि स्पूलं काढायला सुरुवात केली. त्या दिवशीची टेप पहिली. यंत्र घरघरलं.

"झहूर, वेडा झालास का? माझी सगळी कमाई आहे ती!" नंदकुमार धावले. झहूरने त्यांना ढकललं नाही, शिवी दिली नाही. नुसता आडवा उभा राहिला आणि पुढचं स्पूल ठेवलं. वैजयंती कपाटातून एकेक टेप काढून त्याच्या हातात देऊ लागली. वैशालीच्या टेपा, सईदाच्या, तिच्या स्वतःच्या. ज्या आवाजासाठी ती दोन वर्षं दारोदार फिरली होती, रेडिओवर वाजलेला तो तिचा एकमेव आवाज ती स्वतःच्या हाताने पुसायला देत होती. तिचे हात थांबले नाहीत.

शेवटच्या काही टेपा राहिल्या तेव्हा तिला ठसका लागला. ती वाकली, टेबल धरून खोकत राहिली, आणि तो खोकला खोलीत घुमला. ओबडधोबड, रखरखीत, कुणालाही आवडला नसता असा. नंदकुमारांनी तो ऐकला आणि ते मागे सरकले. मग त्यांनी अडवलं नाही.

कंपनीला टेपा खराब झाल्याचं कळवण्यात आलं. नंदकुमारांनी एका नाटकातल्या नटीला तिच्या स्वतःच्या नावाने घेऊन कार्यक्रम पुन्हा उभा करायचा प्रयत्न केला; पण ऐकणाऱ्या बायकांना तो रुचला नाही आणि थोड्याच महिन्यांत बंद पडला. पुढे त्यांनी वाशी सोडली. झहूरने पनवेलला रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. आत दुरुस्तीला आलेले सेट असत, पण एकही चालू नसे, असं लोक म्हणायचे.

वैजयंतीचा आवाज हळूहळू आला, पण मोडका. लांब बोललं की फाटायचा. माईकचा प्रश्नच उरला नाही. ती ठाण्याच्या एका दैनिकात मुद्रितशोधक म्हणून लागली. तिथे वर्षभर इतरांच्या चुका सुधारल्यावर एका दुपारी संपादकांना म्हणाली, "तळोज्यापासून उरणपर्यंतच्या बातम्या तुमच्याकडे कुणी आणत नाही. मी त्याच बाजूला राहते. मला पाठवा." त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि दुसरं कोणी जायला तयार नव्हतं म्हणून पाठवलं. कारखान्यांचं सांडपाणी, बंद पडलेल्या एसट्या, नव्या वसाहतींतल्या कोरड्या टाक्या. ती लिहीत गेली. सुरुवातीला 'आमच्या वार्ताहराकडून', मग हळूहळू नावाने.

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात ती नव्या शहरासाठी चाललेल्या जमिनीच्या मोजणीची बातमी घ्यायला उलव्याला गेली. मधल्या काळात तिने तिकडे जायचं टाळलं होतं. सईदा बरी आहे, एवढं झहूरकडून कळलं होतं. त्याहून जास्त विचारायचं धाडस झालं नव्हतं.

सईदा ओटीवरच होती. वैजयंतीला बघून उठली आणि म्हणाली, "ये. कवापासनं वाट बघतो आमी."

वैजयंती जागीच थांबली. आवाज चारुताईचा नव्हता, हे ऐकून तिच्या जिवात जीव आला. पण बाईमाणसाचा म्हणावा तर तसाही नव्हता. बारीक, किंचित थरथरता, खूप म्हाताऱ्या नाहीतर खूप लहान कुणाचा तरी. तिशीही न गाठलेल्या त्या धट्ट्याकट्ट्या बाईच्या तोंडून तो येताना अंगावर काटा येत होता.

सईदाने ते ओळखलं. "माजा नाय हा," ती सरळ म्हणाली. "माजा असा नव्हता. कोनचा हाय, म्हाईत नाय. आला तवा हाच आला."

"भीती नाही वाटत?"

"पैले वाटायची. बोलले की मागं वळून बघायची, कोन बोललं म्हनून." तिने खांदे उडवले. "वैशालीबाईचा असंल काय? का तिच्याबी आदी कोन होती?"

आतून करिमुन्निसा तांदळाची भाकरी आणि वाटीत कालवण घेऊन आली. तिने शेवटचे शब्द ऐकले होते.

"कोनचा का असंना," ती ताट ठेवत म्हणाली. "सकाळी उटून मला अम्मी म्हनते. मी वळख विचारायला बसू काय त्याला?"

जेवण झाल्यावर वैजयंतीने मोजणीचं विचारलं. सईदा बोलू लागली. कुणाची शेतं जाणार, कुणाची मिठागरं, मोजणीवाले कुठून आले, बायकांनी त्यांना बांधावर कसं अडवलं, मशिदीत आणि देवळात एकाच दिवशी कशी बैठक झाली. अडखळत नव्हती. त्या परक्या, थरथरत्या आवाजात ती आपल्या गावाची बोली बोलत होती, तिच्या वाक्यांच्या शेवटी हसू नव्हतं आणि मधे मधे चांगला संताप होता. वैजयंती लिहीत गेली.

निघताना तिने विचारलं, "हे छापू? तुझं नाव घालून?"

सईदा जरा वेळ मिठागरांकडे बघत राहिली. तिथे उन्हात काही माणसं लाल-पांढरे बांबू रोवत होती.

"घाल," ती म्हणाली. "पुरं घाल. बापाचं बी, आनि गावाचं बी."